बासष्ट घरांची चूल

अंबरीशनं शेडाला दोन फेऱ्या मारल्या, पत्र्यामागंही वाकून पाहिलं, आणि मग मोबाइलवर चुलीच्या रकान्यात ‘एक’ असा आकडा टाकून कपाळाला हात लावला. घरं बासष्ट, माणसं दोनशे चाळीस आणि चूल एक.

पुरानं गाव धुऊन नेल्याला एकवीस दिवस झाले होते. हिमायतनगरच्या रस्त्यावरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये सगळं गाव येऊन पडलं होतं. अंबरीश लातूरचा, पूरग्रस्तांना मदत वाटणाऱ्या संस्थेत नोकरीला. पोरगा मनाचा चांगला, पण बोलायला लागला की नियमच बोलायचा. पैसा देणारे लोक लांबचे. त्यांनी ना ही नदी पाहिलेली, ना हे शेड. त्यांना फोटो लागतात. एक चूल म्हणजे एक कुटुंब आणि एका कुटुंबाला तीन महिन्यांचं रेशन. गावातली चाळीस एकरांची मालकीण गोदावरी हे ऐकत बसली होती, तिनं मनातल्या मनात हिशेब केला. एका घराचं तीन महिन्यांचं धान्य या पंगतीला दीड दिवस पुरलं असतं.

तोडही त्यानंच सुचवली. उद्या सकाळी प्रत्येक घरानं तीन विटा मांडायच्या, चार काटक्या पेटवायच्या, बाईनं चुलीपाशी बसायचं, घरच्यांनी कागद घेऊन मागं उभं राहायचं. बासष्ट फोटो झाले की झालं. नंतर शिजवा कुठंही.

“आन् कागद नसंल त्याचं?” गोदावरीनं विचारलं.

त्यांचं नंतर बघू, असं तो म्हणाला. ‘नंतर’ म्हणजे काय, हे गोदावरीला चांगलं ठाऊक होतं.

तिचा धाकटा दीर व्यंकटी मात्र लगेच तयार झाला. विटा जिनिंगमागं ढीगभर पडल्यात, म्हणाला. आज ना उद्या ज्याची त्याची चूल मांडायचीच आहे, मग आजच मांडली तर बिघडलं काय? बऱ्याच माना हलल्या. भुकेपुढं कोण किती ताठ राहणार?

गोदावरी चुलीकडं बघत राहिली. ती चूल लुंबिनीनं मांडली होती. लुंबिनी पलीकडच्या वस्तीतली, एकटी, कागदपत्रं सगळी नदीत गेलेली. गाव सोडताना लोकांनी टीव्ही उचलले, दागिने उचलले. तिनं अर्धं पोतं ज्वारी डोक्यावर घेतली. तिसऱ्या दिवशी बाहेरून येणारी जेवणाची पाकिटं बंद झाली तेव्हा तिनंच विटा रचल्या, ओल्या तुराट्या फुंकून पेटवल्या, आणि चाळीस एकरांच्या मालकिणीला पहिली भाकर दिली. तेव्हापासून ज्याला जे मिळेल ते त्याच चुलीवर शिजत होतं. गावात असताना गोदावरीच्या घरच्या पाण्याला लुंबिनीची घागर लागू देत नसत. हे आठवलं की गोदावरीला आता लाज वाटायची. तेव्हा वाटली नव्हती, याची जास्त वाटायची.

वेगळ्या चुली झाल्या की लुंबिनी फोटोत नसणार, आणि रेशनच्या रांगेतही नसणार. आणि पुन्हा जो तो आपापल्या घागरीपाशी.

गोदावरी उठली. “विटा कुणी आणू नगा,” ती म्हणाली.

“मावशी, फोटोपुरतंच आहे,” अंबरीश समजावू लागला.

“चूल फोटोपुरती मांडत न्हाईत, बाबा. घर फुटलं की वेगळी चूल मांडत्यात. आमचं कुठं फुटलंय? तुमच्या रकान्यात चूल एक आली ना? मग कुटुंब बी एकच लिवा. माणसं दोनशे चाळीस.”

हे वर पास होणार नाही, असं त्यानं खरं ते सांगून टाकलं. ही मदत दुसऱ्या गावाला जाईल, हेही सांगितलं. मागून कुणीतरी पुटपुटलं की बाई लेकरांच्या तोंडचा घास घालवून राहिली. तिनं ते ऐकलं. तिचीही दोन नातवंडं त्याच पंगतीत जेवत होती.

“न्हाई पास झालं तर त्यायला म्हणावं, सोता येऊन मोजा,” ती म्हणाली. “पण आधी लिवा.”

अंबरीशनं सुस्कारा सोडला, पिशवीतून छापील फॉर्म काढला आणि गुडघ्यावर धरला. मोबाइलमध्ये एका कुटुंबात दहाच माणसं मावत होती. कागदाला कागद जोडता येतो.

“कुटुंबप्रमुख?”

सगळ्यांनी व्यंकटीकडं पाहिलं. गोदावरीनं चुलीकडं बोट केलं. “लुंबिनी. चूल तिची हाय.”

पिठातले लुंबिनीचे हात थांबले. माझं नाव नका घालू गोदाबाई, मला कशाला मधी ओढता, असं ती दोनदा म्हणाली. अंबरीशनं नाव लिहिलं, वय विचारलं, लिहिलं.

“आता सदस्य. पहिलं नाव?”

“गोदावरी. वय एकसष्ट.”

“प्रमुखाशी नातं?”

गोदावरीनं क्षणभरही विचार केला नाही. “जाऊ,” ती म्हणाली.

अंबरीशचं पेन अडखळलं, पण त्यानं लिहिलं. मग मान वर करून दुसरं नाव विचारलं. कुणी हललं नाही. चुलीवरची भाकर करपायला लागली, तरी लुंबिनीनं ती उलटली नाही. गोदावरीनं मागं वळून पाहिलं नाही. तिला वाटलं, झालं, आपण दोघीच.

मग गर्दीतून व्यंकटी पुढं आला. तो लुंबिनीशी आजवर समोरासमोर बोललेला नव्हता. आत्ताही त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. अंबरीशच्या समोर मांडी घालून बसला.

“व्यंकटी. वय बावन्न.”

“नातं?”

व्यंकटीनं घसा खाकरला.

“दीर,” तो म्हणाला. “आन् ठळक लिवा, त्यायला तिकडं नीट दिसलं पायजे.”