घरात परक्यासारखं

किर्गिझस्तानातल्या नारिन शहरातल्या कॉलेजात समाजशास्त्राच्या बाईंनी गृहपाठ दिला. एक दिवस आपल्याच घरात परक्यासारखं वागायचं. विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही. घरचे त्यावर काय करतात ते वर्गात येऊन सांगायचं.

दुसऱ्या दिवशी वर्गात हशा पिकला. एकीच्या आईने तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला होता. एकाला बापाने दरडावलं होतं, "कुठे काय करून आलास ते आधी सांग."

मग झिपारची पाळी आली. ती लग्न होऊन नुकतीच सासरी आली होती.

"घरचे काय म्हणाले?"

"कुणाच्या लक्षातच आलं नाही, बाई."

पोरं हसली. बाई वैतागल्या. "म्हणजे तू काही केलंच नाहीस. आता उलट कर. आज त्या घरच्या लेकीसारखी वाग आणि उद्या सांग. नाहीतर नापास करीन."

त्या संध्याकाळी झिपार कुणी न सांगता जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाशी बसली आणि सासूच्या आधी तिने नानचा तुकडा मोडून तोंडात टाकला. नवरा माक्सात खाली बघू लागला.

"हे कुठे शिकलीस गं?" सासूने शांतपणे विचारलं.

"कॉलेजात," झिपार हसून म्हणाली. "गृहपाठ आहे, आई."

सासूने तिच्यापुढचा नान उचलून घेतला. "माक्सात, उद्यापासून हिचं कॉलेज बंद."

"बरं, आई," माक्सात म्हणाला आणि त्याने आपला रिकामा प्याला चहासाठी झिपारपुढे धरला.