शेजारच्या सीटवरचं वजन

“शेजारी कोण बसतं साहेब?” मिस्त्रींनी गाडीखालूनच विचारलं.

साहेब गडबडले. खरं तर प्रश्न साधा होता. गाडी दोनच सीटची. एकीवर ते स्वतः, दुसरीवर बसून बसून एकच माणूस बसणार.

“बायको,” ते म्हणाले.

“मग आणायचं ना वहिनींना!” मिस्त्री हात पुसत बाहेर आले. “नवीन स्प्रिंगा बसल्या, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसले. आता शेवटचं सेटिंग. गाडी रस्त्यावर जशी भरलेली असते, तशीच काट्यावर उभी करायची, तर ती वळणावर नीट वागणार. रिकामी सेट करून काय उपयोग? रिकामी काय, शोरूममध्येसुद्धा छान दिसते.”

चारही चाकांखाली चार सपाट वजनकाटे होते. वर ती लाल, बुटकी गाडी. साहेबांचं वय पन्नाशीचं, हौस विशीतली. त्यांनीच एकदा हौसेने शर्यतीच्या गाडीच्या कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या. शर्यतीच्या ट्रॅकवर हे वर्षातून एकदा जाणार, आणि उरलेलं वर्षभर बायकोला त्याच गाडीतून भाजीला नेणार! “अहो, हाडं खिळखिळी झाली माझी,” ती म्हणायची. हे म्हणायचे, “पण वळणावर बघ, कशी रस्त्याला चिकटून राहते!” शेवटी अशाच एका वळणावर तिने गाडी थांबवायला लावली. “राहू दे तिला चिकटून. मी निघाले,” म्हणाली आणि समोर आली ती बस पकडून बहिणीकडे गेली. ती अजून तिथेच. तेव्हापासून घर नुसतं खायला उठत होतं. साहेबांनी पुष्कळ विचार केला, आणि त्यांना सुचलं काय, तर स्प्रिंगा बदलाव्यात.

“ती... आज नाही येऊ शकणार,” ते म्हणाले.

“हरकत नाही. वाळू ठेवू. वजन किती?”

“साठ.”

मिस्त्रींनी वाळूच्या पिशव्या एकेक करून शेजारच्या सीटवर रचल्या. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“नक्की ना? की अंदाजपंचे? पाच किलोनेसुद्धा काटा हलतो साहेब. एक फोन लावा की.”

साहेबांनी फोन काढला. या फोनसाठी त्यांनी कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली होती. माफीची, विनवणीची, एक तर चक्क आरशासमोर म्हणून पाहिलेलं. पलीकडून ‘हॅलो’ आलं आणि त्यातलं एकही जागेवर सापडेना.

“तुझं वजन किती?” ते म्हणाले.



“इतक्या दिवसांनी फोन केलात, तो हे विचारायला?”

“गाडीसाठी हवंय.”

“गाडीसाठी! तरी म्हटलं.”

“तसं नाही गं. ऐक तरी. कडक स्प्रिंगा काढून टाकल्या. मिस्त्री म्हणतात, आता पोटातलं पाणी हलणार नाही. फक्त शेजारी बसणाऱ्याचं वजन लागतं. नक्की लागतं.”

 बहिणीच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं, तेवढं ऐकू येत होतं. फोन कट झाला की काय, म्हणून साहेबांनी दोनदा बघितलं.

“पंचावन्न,” ती म्हणाली.

“साठ होतं ना?”

“होतं.”

आणि तिने फोन ठेवला.

“किती?” मिस्त्रींनी विचारलं.

“पंचावन्न.”

“बघा! बरं झालं विचारलंत.” मिस्त्रींनी वरची पिशवी उचलली आणि साहेबांच्या हातात दिली. “धरा जरा,” म्हणाले आणि काट्यावरचे आकडे बघायला वाकले.

पाच किलोची पिशवी. साहेबांनी ती दोन्ही हातांनी धरली. एवढी कमी झाली ती, आणि आपल्याला पत्ताही नाही. नीट जेवते की नाही? त्यांना तिची अशी आठवण आली, की तिथेच जमिनीवर बसकण मारावीशी वाटली.

“ठेवा की खाली,” मिस्त्री म्हणाले. “उगाच ओझं कशाला?”

साहेबांनी पिशवी खाली ठेवली नाही. पलीकडच्या दाराशी जाऊन ती परत सीटवर ठेवली, इतरांच्या वर, अगदी हळू. मग सीटबेल्ट ओढला आणि त्या सगळ्यांवरून लावून टाकला.

“साठवरच सेट करा.”

“अहो, पण वहिनी आत्ताच पंचावन्न म्हणाल्या ना?”

“ते आत्ताचं झालं,” साहेब म्हणाले. “घरी आली की होईल परत साठ.”