पहिल्या पानावरची माफी

"पहिल्याच पानावर छापलंय, वहिनी. मोठ्या टायपात," असं म्हणत महिपतरावांनी अंक सरुबाईपुढे धरला. लोणावळ्याहून वडगावपर्यंत रेल्वेने आणि पुढे आंदर मावळातली वाट तुडवत साप्ताहिक 'मावळहाक'चे संपादक स्वतः दारात आले होते. सरुबाईने अंकाला हात लावला नाही. ती तांदूळ पाखडत राहिली.

बेचाळीसच्या ऑगस्टात घाटातल्या तारा तुटल्या आणि या गावातली तीन पोरं पकडली गेली. त्यांची नावं सरुबाईच्या नवऱ्याने, अंबाजीने, पोलिसांना दिली, असं महिपतरावांनी स्टेशनाजवळच्या हॉटेलात ऐकलं. कसलीही खातरजमा न करता त्यांनी 'मावळातला फितूर' असा मथळा दिला. अंक हातोहात खपला. लोणावळ्यापुरतं असलेलं पत्र तळेगावपर्यंत जाऊ लागलं. सरकारने छापखान्याला टाळं ठोकलं, तेव्हा तर लोकांनी महिपतरावांना हार घातले. टाळं निघाल्यावर खप आणखी वाढला.

परवा ती पोरं तुरुंगातून सुटून थेट 'मावळहाक'च्या कचेरीत आली. पोलिसांना नावं भलत्याच माणसाने दिली होती. अंबाजीने तर त्यांना आपल्या गोठ्यात लपवलं होतं, दोन्ही वेळा जेवू घातलं होतं. त्याच रात्री महिपतरावांनी माफी लिहून छापायला घेतली.

"अंबाजी कुठं असतात?"

"कुनाला ठावं. गावानं वाळीत टाकलं, तसं गेलं निघून. दोन दिवाळ्या झाल्या."

"मी देवळात चार माणसं जमवतो. ही माफी सगळ्यांना वाचून दाखवतो."

"तुमीच वाचा. गावात दुसऱ्या कुनाला वाचता येत न्हाई," सरुबाई म्हणाली. "आमचं मालक वाचायचं. दर बाजाराला वडगावातनं तुमचा कागद आनायचं, आन् देवळात बसून गावाला ऐकवायचं."

महिपतरावांनी पुढे धरलेला अंक मागे घेतला. "मग... तो अंक कुणी वाचला?"

"त्येंनीच. सोताचं नाव आलं तशी जीभ अडाकली. लोक म्हनलं, फुडं वाच. मंग समदं वाचलं."

"पण गाळता आलं असतं! कुणाला कळणार होतं?"

सरुबाईने सूप खाली ठेवलं.

"मीबी त्येच म्हनलं. तर मालक म्हनलं, आजवर ह्या कागदात खोटं छापत न्हाईत, असं मीच लोकांस्नी सांगत आलोय."