न दुखणारी दाढ

दाराबाहेर तारवाला उभा आहे हे पाहून दातांच्या डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गालाला रुमाल, चेहरा वाकडा, अगदी हाडाचा रोगी. त्याच्या मागे बाकावर शत्रूच्या फौजेचा कॅप्टन सुजलेला जबडा धरून बसला होता. आधी याला घ्या, असं कॅप्टनने मोठ्या मनाने सांगितलं. चिमट्याची वेळ जेवढी लांबेल तेवढी त्याला हवीच होती.

आत नेऊन डॉक्टरांनी तारवाल्याला खुर्चीत जवळजवळ ढकललं आणि दात कोरायचं यंत्र पायाने सुरू केलं. त्या घरघरीत बोलणं बाहेर जात नसे.

"गॅलरीत एप्रन वाळत घातलाय. दिसला नाही?"

"दिसला."

"त्याचा अर्थ काय?"

"इकडे फिरकायचं नाही. सरळ धक्क्यावर जाऊन दुपारची बोट धरायची."

"मग?"

तारवाल्याने मान वळवून डॉक्टरांच्या भाचीकडे पाहिलं. ती पाठमोरी उभी राहून चिमटे पुसत होती.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. याच खुर्चीत तोंड उघडून बसलेले अधिकारी जे बरळत, ते बिनतारी यंत्रावरून आपल्या सैन्याला कळवायचं, एवढंच या मुलाचं काम. ते तो झकास करी. बाकी एक गोष्ट सांगितलेली ऐकेल तर शपथ. भाची इथे कामाला लागल्यापासून दर आठवड्याला त्याचं काही ना काही दुखे. आज सकाळी शिपायांनी त्याची खोली उलटीपालटी केली. यंत्र त्याने वेळेवर विहिरीत टाकलं, आणि नंतर जीव घेऊन पळायचं सोडून इथे आला.

बोटीवर दोघांची सोय होईल, चल, असं तो भाचीला म्हणाला. तिने मागे न बघताच उत्तर दिलं. ती आज नाहीशी झाली तर संध्याकाळच्या आत मामाला भिंतीपाशी उभं करून गोळी घालतील. हे त्याला समजावून सांगावं लागतंय, याचाच तिला जास्त राग आला होता.

"मग मीही जात नाही," तारवाला म्हणाला.

डॉक्टर काही बोलणार तोच दार ढकलून कॅप्टन आत आला. बाहेर एकट्याने बसवेना, म्हणाला. याला काय झालंय? डॉक्टरांनी सांगून टाकलं, दाढ किडली आहे, काढावी लागेल. कॅप्टन स्टूल ओढून बसला. काढा, मला बघू दे किती दुखतं ते.

बधिर करायचं इंजेक्शन फक्त फौजेसाठी होतं. डॉक्टरांनी चिमटा उचलला. भाचीने खुर्चीमागे उभं राहून तारवाल्याचं डोकं छातीशी घट्ट धरलं, एक हात कपाळावर, एक हनुवटीखाली. इतक्या महिन्यांत तिने त्याला एवढं जवळ कधी घेतलं नव्हतं. धडधाकट दाढ सुटता सुटेना. डॉक्टर मनातल्या मनात त्याला शिव्या घालत हिसके देत राहिले. तारवाल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते त्याने मिटले नाहीत. तो वर, तिच्याकडेच बघत राहिला. कॅप्टनने मान फिरवली. तेवढ्यात दाढ निघाली आणि डॉक्टरांनी ती पांढरी शुभ्र दाढ मुठीत लपवून कापसाखाली बादलीत टाकली.

तोंडात कापसाचा बोळा कोंबून तारवाल्याची रवानगी झाली. भाचीने त्याला परक्या रोग्यासारखं दारापर्यंत सोडलं.

कॅप्टन खुर्चीत बसला. इंजेक्शन भिनेपर्यंत त्याची जीभ सैल सुटली. लवकर आटपा, म्हणाला, मला धक्क्यावर जायचंय. दुपारची बोट म्हणजे पिंजरा आहे. तो बिनतारीवाला तिथेच येणार, आणि त्याला ओळखणारा माणूस आम्ही शिडीपाशीच उभा केलाय.

डॉक्टरांचा हात थांबला. खुर्ची सोडून जाणं शक्य नव्हतं. त्यांनी भाचीकडे पाहिलं. ती खिडकीशी होती. खाली, समोरच्या बंद बेकरीच्या भिंतीला टेकून, तो शहाणा अजून वर बघत उभा होता. ती दिसल्यावर मात्र त्याने खांदे पाडले, आणि एकदाचा धक्क्याच्या रस्त्याला वळला.

भाचीने खिडकी सताड उघडली.

"अहो, दाढवाले! काय सांगितलं होतं तुम्हाला? आज पाण्याच्या जवळपाससुद्धा जायचं नाही. पाणी लागलं की संपलंच. डोंगराकडे तुमची आत्या राहते ना, तिच्याकडे जा. आणि पुन्हा इकडे यायचं नाही, काहीही दुखलं तरी."

रस्त्यावरची माणसं थबकली. कॅप्टन बधिर ओठाने हसला. असल्या लोकांना दहादा सांगावं लागतं, म्हणाला. डॉक्टर म्हणाले, अगदी खरं.

तारवाल्याने वळून वर पाहिलं. बोलायचं म्हटलं तरी तोंडात बोळा होता. मग त्याने रुमाल गालावर दाबला आणि पुन्हा खिडकीकडे न बघता डोंगराची वाट धरली. डोंगरापलीकडे सकाळपासून तोफा चालू होत्या. तिथून पार झालाच, तर तो आपल्या सैन्यात पोचणार होता. परत यायला मात्र वाट नव्हती.

कॅप्टन गेल्यावर डॉक्टर त्याच खुर्चीत मटकन बसले.

"ऐकलं बाबा एकदाचं त्याने," ते म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा."

भाची अजून खिडकीशीच होती.

"हो ना," ती म्हणाली. "पण मागे वळून बघायचं नाही, असं मी कुठे म्हटलं होतं?"