पानांना नंबर नाहीत

"ये क्या है?" इन्स्पेक्टर बलकार सिंगने तंबाखूचा पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला. शिशाचे बारीक तुकडे काचेवर घरंगळले.

"ळ है, साहब," दिगंबर म्हणाला. "छपाई का अक्षर. यहाँ के प्रेस में नहीं मिलता. पुणे से दो सौ मँगवाए हैं."

दाराशी उभ्या असलेल्या हवालदाराने मान खाली घातली. काल झडतीत त्याने ते बंदुकीचे छर्रे म्हणून जप्त केले होते.

दिगंबर टेलिफोन खात्यात होता. चंडीगढला बदली होऊन सात वर्षं झाली होती. ऑफिस सुटलं की तो मराठीत खुनाच्या गोष्टी लिहायचा. काळ्याकुट्ट, रक्ताच्या. प्रकाशक त्या घेत नसत. मग तो स्वतःच छापायचा, स्वतःच गठ्ठे बांधायचा आणि अमरावतीपासून सावंतवाडीपर्यंत पोस्टातून व्ही.पी.ने पाठवायचा.

या खेपेच्या गोष्टीत बाजारात लावलेल्या स्कूटरच्या डिकीत बॉम्ब होता. छपाईचा दर ठरवायला दिगंबरने हस्तलिखित प्रेसमध्ये नेऊन दाखवलं होतं. तिथल्या कंपोझिटरला मराठी येत नव्हतं, पण स्कूटर, बॉम्ब आणि सेक्टर हे शब्द कळायला मराठी लागत नाही. साल अठ्ठ्याऐंशी होतं, पंजाबात बॉम्बस्फोटांचे दिवस. बेवारस टिफिन दिसला तरी लोक रस्ता बदलायचे. कंपोझिटरने ठाण्यात कळवलं. त्याचं तरी काय चुकलं?

दिगंबरची नजर टेबलावरच्या गठ्ठ्यावर होती. हस्तलिखित तेवढं एकच होतं. पण गोष्ट काय, पुन्हा लिहिता आली असती. समासातली पेन्सिल पुन्हा आली नसती.

ती पेन्सिल शशिकलाची, त्याच्या बायकोची. प्रत्येक प्रकरण पहिल्यांदा ती वाचायची. शेवटचं पान आधी वाचायची तिची खोड. म्हणून त्याने पानांना नंबर घालणं सोडलं आणि शेवट मधेच कुठेतरी खुपसून ठेवायला लागला. तरी ती शोधून काढायचीच. 'इथे रक्त फार झालं.' 'ही बाई रडेल, किंचाळणार नाही.' हे पुस्तक मात्र तिने अर्धंच वाचलं. शेवटची ओळ तिने सेक्टर सोळाच्या हॉस्पिटलात, खाटेवर पडून लिहिली होती: 'खुनी फौजदारच. बदललात तर बोलणार नाही तुमच्याशी.'

त्याने फौजदारच ठेवला होता.

"ये पेन्सिल किसकी है?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"मेरी पत्नी की."

"बुला लीजिए उनको."

"नहीं रहीं, जी. फरवरी में."

इन्स्पेक्टरने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "केस बना तो ये सब कोर्ट में जमा होगा. वापस कब मिलेगा, मैं नहीं कह सकता."

दिगंबरला त्याच्याकडे बघवेना. त्याने भिंतीकडे पाहिलं. तिथे हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचं कॅलेंडर होतं. इथे घरोघरी असायचं तसंच. खाली नांदेड हा शब्द दिसला आणि त्याला उगाच धीर आला.

"घर से आता है हर साल," इन्स्पेक्टर म्हणाला.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. मराठी वाचणारं एखादं इज्जतदार माणूस पाठवा, असा निरोप चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत गेला होता. तिथून एका मेजरची बायको आली, विनया. दिगंबरने तिला ओळखलं. गेल्या गणपतीत मंडळाच्या टेबलावरून तिने त्याची दोन पुस्तकं घेतली होती. तिनेही ओळखलं. दोघांनी ओळख दाखवली नाही.

इन्स्पेक्टरने गठ्ठा सोडून तिच्यापुढे ठेवला. काल झडतीत पंख्याखाली ही पानं घरभर उडाली होती. आज पहिलं पान वर होतं, दुसरं त्याच्याखाली, आणि शेवट शेवटी. दिगंबरला ते दिसलं, पण त्याचा जीव विनयाच्या चेहऱ्यात अडकला होता.

ती तासभर वाचत होती. कुठे पोचली, ते त्याला तिच्या भुवयांवरून कळत होतं. बढती मिळावी म्हणून फौजदार स्वतःच बॉम्ब ठेवतो आणि स्वतःच तपास करतो, तिथे तिची मान एकदा वर आली. मग पुन्हा खाली गेली.

"मैडम, कातिल कौन है?" इन्स्पेक्टरने विचारलं.

विनयाने पानं सारखी केली. "बैंक का क्लर्क."

"पक्का?"

"पक्का. बीवी से झगड़ा था उसका."

"और पुलिस?"

"पुलिस तो आखिर में आकर सबको बचाती है."

इन्स्पेक्टरला खोकला आला. बराच वेळ आला. मग त्याने जबाब लिहून काढला, विनयाची सही घेतली, शिक्का मारला. "मामूली कहानी है. केस नहीं बनता."

व्हरांड्यात आल्यावर विनयाने त्याला खांबाआड ओढलं. "बघा, काका! आमच्या मेजरसाहेबांना कळलं तर मलाच सीमेवर पाठवतील."

"तुमचे उपकार कसे फेडू, बाई?"

"फेडू नका. आधी घरी जाऊन त्या फौजदाराला बँकेत चिकटवा. छापून आल्यावर कुणी वाचून दाखवलं, तर तुम्हीही गेलात आणि मीही."

"बदलतो," दिगंबर म्हणाला. शशिकला तशीही आता कुठे बोलत होती.

जीप गेली. गठ्ठा छातीशी धरून तो पायऱ्या उतरला, तोच मागून बुटांचा आवाज आला. इन्स्पेक्टर होता. त्याने तंबाखूचा डबा दिगंबरच्या हातात दिला. एकेक तुकडा वेचून भरलेला. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला,

"फौजदारच राहू द्या हो. बदललात तर वहिनी बोलायच्या नाहीत तुमच्याशी."