मास्तरांचं डावं

कोल्हापुरातल्या तालमीच्या फुटबॉल संघाला चाली सांगायला आता यंत्र आलं होतं. बावीस वर्षं तेच काम केलेले सरनोबत मास्तर बाकावर बसून जळफळत होते. “काय दिवे लावतंय बघू,” म्हणत त्यांनीही खेळाडूंसारखं यंत्राचा आवाज ऐकायचं बटण कानात घातलं.

“डावीकडं मार रं!” यंत्र ओरडलं.

मोकळी जागा तर उजवीकडं होती. चुकलं की येडं! मास्तरांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण अख्खा संघ उजवीकडंच धावला आणि गोल झाला.

“आरं, ते डावीकडं म्हणालं न्हवं?” मास्तरांनी शेजारच्या राखीव गोलकीपरला विचारलं.

“तुमच्याच जुन्या आरोळ्या ऐकून शिकलंय ते, मास्तर. तुमचं डावं म्हंजे उजवं, सगळ्यांस्नी म्हाईत हाय.”

बावीस वर्षं ते फक्त मास्तरांनाच माहीत नव्हतं. यंत्राला दोन दिवसांत कळलं होतं.