शेजारचा वाराटा

आर्मिडेल गावच्या थंडीत हमखास टिकणारं तिथलं देशी फुलझाड म्हणून नोलीननं वाराटा लावला होता. हिवाळाभर ती त्याच्यावर संध्याकाळी गोणपाट घालायची, तरी इतक्या वर्षांत फूल एकही नाही. शेजारी भाड्यानं आलेली टॅमसिन नोलीनच्याच सल्ल्यानं तसंच एक रोप कुंपणाशी खोचून विसरून गेली. पुढच्या वसंतात ते लालभडक फुलांनी लगडलं. येणारेजाणारे फोटो काढायला थांबायचे आणि नोलीनच्या पोटात दुखायचं. "नोलीन, याला खायला काय घालू?" टॅमसिननं कुंपणावरून विचारलं. गुलाबाचं खत म्हणजे वाराटाला विष, हे नोलीन चांगलंच जाणून होती. "गुलाबाचं खत घाल, पोरी," ती म्हणाली, "हात आखडू नकोस." रविवारी ती लेकीकडून परतली, तेव्हा टॅमसिन खताची रिकामी पिशवी झटकत होती. "माझ्या झाडाला उरलंच नाही," ती हसली. "तुमचा वाराटा बिचारा इतकी वर्षं उपाशी. सगळं त्यालाच घातलं."